खडा दुसऱ्यांदा पाहताना

थंडी पडली की सुरतेहून माझी भाची पोंक पाठवते. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण दाणा जास्त कोवळा, आणि सोबत लिंबू-मिऱ्याच्या शेवेची पुडी. धुळ्याच्या माझ्या घरात तो डबा उघडला की धुराचा आणि हिरव्या दाण्याचा वास एकदम येतो. पुढचा अर्धा तास मी काही कामाची राहत नाही.

माणसं निर्णय कसे घेतात, हे शिकण्यात आणि शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी सहकारी बरंच काही बोलले. पेपर मोजले, विद्यार्थी मोजले. मी ऐकत होते आणि मला दिसत होती ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, सुरतेच्या कतारगाममधली एक थंडी. तीन-साडेतीन महिन्यांचीच. पण मी जे काही पुढे शिकवलं, ते त्या थंडीत मला शिकावं लागलं होतं, आणि शिकताना मी काही शहाण्यासारखी वागले नव्हते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, साठच्या दशकात अमळनेरकडून सुरतेला आले आणि मागावर उभे राहिले. सुरतेच्या उधना भागातल्या दोन खोल्यांत आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत मराठी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. मी बडोद्याला मानसशास्त्रात एम.ए. केलं, सुरतेच्या एका कॉलेजात तासांवर शिकवू लागले आणि पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता, जाणकार माणूस अंदाज कसा बांधतो. सुरुवातीचं वर्षभर मी कॉलेजच्या मुलांना कोडी घालत होते. मुलं घड्याळाकडे बघत उत्तरं द्यायची. मी कागद घरी आणून तपासत बसायची.

एकदा नाना पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि माझ्या कागदांकडे बघत म्हणाले, "पोरेसले काय इचारस? ज्यानं काम डोयानं चालस, त्याले इचार."

ज्याचं काम डोळ्यावर चालतं, त्याला विचार. मागावर उभं राहून नाना कापडातला तुटका धागा दहा हातांवरून ओळखायचे. दिवाळीनंतर कारखाने उघडले त्या आठवड्यात मी कतारगामची वाट धरली.

हिऱ्याचा कारखाना म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी झगमगत असेल. तसं काही नव्हतं. लांबट खोली, ओळीने मांडलेल्या घंट्या, म्हणजे हिरे घासायची बैठी मेजं, प्रत्येक घंटीभोवती चार माणसं खाली मान घालून बसलेली. हिरा घासायची ती फिरती चकती सतत गुणगुणायची, आणि तो आवाज बाहेर आल्यावरही बराच वेळ कानात राहायचा. तेलात कालवलेल्या हिऱ्याच्या भुकटीने सगळ्यांची बोटं काळी. वरच्या मजल्यावर मात्र शांतता असे. तिथे उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती, खिडकीपाशी पांढरा कागद पसरलेलं टेबल, आणि टेबलाशी जीवराजभाई.

जीवराजभाई हिरे निवडायचे. तयार खडा चिमट्यात धरायचा, कागदावर ठेवायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि रंगाचा आकडा सांगायचा. एक म्हणजे निखळ पांढरा, आणि पुढे पिवळेपणा वाढत जाईल तसा सहापर्यंत. साठीचे, काठियावाडचे, काळी टोपी, बोलणं मोजकं. त्यांनी आकडा सांगितला की शेठसुद्धा खडा पुन्हा बघत नसत. गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यांचे लोक वाद झाला की त्यांच्याकडे येत.

मी काय करणार ते त्यांना समजावून सांगितलं. बोलणं गुजरातीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

"म्हणजे माझी परीक्षा घेणार का, बेन?"

"तुमची नाही, काका. डोळा कसा काम करतो ते बघायचंय. तुमचं नाव कुठे येणार नाही. आकडे मी कुणाला दाखवणार नाही, शेठना पण नाही."

"वचन?"

"वचन."

ते पहिल्यांदा हसले. "मग बघ. माझा डोळा कुठे पळून जाणार आहे?"

रोज सकाळी दोन तास मी त्यांच्या शेजारी बसू लागले. खिडकीतून येणारा तो थंडीचा उजेड मला अजून दिसतो. त्यात ऊन नसायचं, सावली नसायची, नुसता स्वच्छ उजेड. मिठाच्या खड्यांएवढे तीस हिरे मी शेठच्या परवानगीने निवडून घेतले, पुड्यांवर खुणा केल्या आणि जीवराजभाईंच्या नेहमीच्या कामात ते मिसळून द्यायची. आठवड्याने तेच हिरे क्रम बदलून पुन्हा. खडे इतके सारखे की कुठला पूर्वी पाहिला हे त्यांना कळायची सोय नव्हती.

पहिले आकडे जुळवायला बसले तेव्हा मला वाटलं मीच चुकले. पुन्हा जुळवले. त्याच डोळ्याने, त्याच खिडकीपाशी, त्याच खड्याला आज दोन म्हटलं होतं आणि आठवड्याने तीन. काहींना चारही. चार-पाच निखळ पांढरे खडे ओळीने आले की पुढचा साधा खडाही त्यांना पिवळा दिसायचा. पिवळ्यांच्या मागून आला की तोच खडा उजळ. जेवणाआधीचे आकडे वेगळे, जेवणानंतरचे वेगळे. आणि दर वेळी आकडा सांगतानाचा आवाज तसाच ठाम.

मी हरखून गेले होते. हे खरं सांगितलं पाहिजे. माझ्या वहीत एक नवी गोष्ट येऊन पडली होती आणि ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. संध्याकाळी तापीच्या काठी पोंकच्या झोपड्यांपाशी मी उभी राहायची, गरम दाणे तळहातावर चोळून खायची आणि मनात प्रबंधाची प्रकरणं मांडायची. खात्री आतून एकसारखीच लागते, बरोबर असली तरी आणि चुकीची असली तरी, हे वाक्य मी त्या काठावर पहिल्यांदा जुळवलं. पुढे वर्षानुवर्षं ते वर्गात वापरलं. मुलं लिहून घ्यायची. लिहून घेणं सोपं असतं.

संक्रांतीला आठवडा उरला होता. शहरभर पतंगांच्या दोऱ्याला मांजा चढवणं चालू होतं; रस्त्याच्या कडेने गुलाबी दोरे ताणलेले असायचे. एका सकाळी मी कारखान्यात शिरले तर जिन्याखाली शंकर पाटील उभे. शंकर आमच्याच अमळनेरकडचे, नानांच्या ओळखीचे. माग सोडून हिऱ्याच्या कामावर आलेले, पस्तिशीचे, दोन लेकरांचे बाप. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता आणि ते आत जात नव्हते.

झालं होतं ते असं. जीवराजभाईंनी दोन आकडा दिलेला एक तयार खडा, एक पैलू नीट बसला नाही म्हणून शंकरकडे दुरुस्तीला दिला होता. शंकरने तो करून दिला. जीवराजभाईंनी पुन्हा पाहिला आणि म्हणाले, चार. पैलू घासून रंग काही बदलत नाही. वजन जवळपास तेवढंच. म्हणजे खडा बदलला, चांगला काढून घेतला आणि हलका ठेवला. शेठनी शंकरला काढून टाकलं. कतारगाममध्ये एका कारखान्यातून असा बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही घंटीवर बसू शकत नसे. गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी फिरायची.

शंकर मला म्हणाले, "मी चोरी करी नही, ताई. तुम्ही तं डोयासना अभ्यास करतस ना?"

माझ्या पिशवीत वही होती आणि त्या वहीत दोनचा चार झाल्याची उदाहरणं होती.

बडोद्याला माझ्या मार्गदर्शकांना मी पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. आपण निरीक्षक आहोत. ज्याचं निरीक्षण करतो त्याला निष्कर्ष सांगितले की पुढच्या नोंदी निकामी होतात. शिवाय तुम्ही वचन दिलं आहे. पत्र मी दोनदा वाचलं. वचन मोडायचं नाही हे मला पटलं होतं. पण ते वचन ज्यांना दिलं, त्यांच्याशी बोलायला तर कुणाची आडकाठी नव्हती. नोंदी निकामी झाल्या तर झाल्या. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि दार लोटून घेतलं.

"काका, हे आकडे मी शेठना दाखवणार नाही. तुम्हाला दाखवते."

त्यांनी वही हातात घेतली. बराच वेळ पानं उलटली. मग वही मिटून माझ्यासमोर ठेवली.

"तुझ्या पुड्यांमध्ये गडबड झाली असेल."

"मीही तसंच समजले होते. तीनदा तपासलं."

"चाळीस वर्षं, बेन. चाळीस वर्षं हा डोळा बघतोय. तू दोन महिने बसलीस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चिमटा धरलेला हात टेबलावर टेकला होता. "उद्यापासून येऊ नकोस."

मी खाली उतरले. माझा प्रबंध त्या जिन्यावरच संपला असं मला वाटलं. वाईट वाटलं, पण त्यात एक ताठपणाही होता. आपण योग्य तेच केलं, याची ऊब होती.

ती ऊब नानांनी फार काळ टिकू दिली नाही. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "शंकर आपला नसता, तं तू इतली धावपय करती का?"

शंकर आपल्याकडचा नसता तर मी एवढी धावपळ केली असती का. मी म्हणाले, म्हणजे काय, केलीच असती. नाना उठून आत गेले. त्यांना वाद घालायची सवय नव्हती. पण मी वही उघडली, कारण मला काहीतरी आठवलं होतं आणि ते आठवू नये असं वाटत होतं.

मार्गशीर्षातली नोंद. माझ्याच अक्षरात. 'आज भिखाभाई नावाच्या कारागिराला काढलं. खडा बदलल्याचा आरोप. जीवराजभाई पूर्णपणे निःशंक. खात्रीचं उत्तम उदाहरण.' आणि खाली रेघ मारलेली. तेव्हा जुळवलेले पहिले आकडे माझ्याकडे होते. मी त्या माणसाला जाताना पाहिलंही होतं. उंच, खांद्यावर शाल टाकलेला, कुणाशी न बोलता गेला. भावनगरच्या पलीकडचा. तो माझ्या बोलीचा नव्हता, माझ्या वडिलांच्या ओळखीचा नव्हता, म्हणून तो उदाहरण झाला. शंकर माणूस राहिला.

पुढे मी पूर्वग्रहांवर कितीतरी तास घेतले. एखादा हुशार विद्यार्थी विचारायचा, मॅडम, तुमचे स्वतःचे पूर्वग्रह तुम्ही कसे ओळखता? मी म्हणायची, मी ओळखत नाही, दुसरं कुणीतरी विचारावं लागतं. वर्ग हसायचा. मी खरंच सांगत असायची.

संक्रांतीचा दुसरा दिवस सुरतेत वासी उत्तरायण म्हणून पाळतात. कारखाने बंद, सगळं शहर गच्च्यांवर. सकाळी आमच्या दारात जीवराजभाई उभे राहिले. उधन्याचा पत्ता शोधत, पतंगांच्या मागे धावणाऱ्या गर्दीतून चालत आले होते. नानांनी खुर्ची दिली. आईने चहा ठेवला. दोन्ही म्हातारे एकमेकांना भाई म्हणत हवापाण्याचं बोलले. मग ते माझ्याकडे वळले.

"घरी करून बघितलं. सूनबाईला पुड्या बांधायला लावल्या. तीन सकाळी."

मी वही हातात घेतली.

"तुझ्या पुड्यांमध्ये गडबड नव्हती," ते म्हणाले.

मी त्यांना मार्गशीर्षातली नोंद दाखवली. जे त्यांचं होतं ते मी त्यांना दाखवलं होतं. माझं लपवून ठेवणं आता शक्य नव्हतं. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. त्यांना मराठी अक्षरं लागायची, अर्थ मी सांगितला.

"भिखा," एवढंच ते म्हणाले. चहा निवून गेला होता तरी त्यांनी तो घेतला. उठताना म्हणाले, "उद्या ये. शेठसमोर लाव माझी परीक्षा. शंकरचा खडा शेठकडे आहे. तो त्यात टाक."

"काका, त्याला पुन्हा चारच आला तर?"

"तर चार. जे येईल ते मान्य करायचं, नाहीतर परीक्षा कशाला?"

दुसऱ्या दिवशी शेठनी स्वतःच्या हाताने पुड्या बांधल्या. माझ्या हाताला पुडी लागणार नाही, अशी अट जीवराजभाईंनीच घातली होती. तीस खडे, त्यात शंकरचा एक. शेठना हे सगळं बिनकामाचं वाटत होतं, पण इतक्या वर्षांच्या माणसाला नाही म्हणवलं नाही. जीवराजभाई टोपी काढून टेबलाशी बसले. एकेक खडा बघितला, आकडा सांगितला, मी लिहिला. चहा झाला. पुड्या फिरवून पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत ते फार हळू बघत होते. एका खड्यापाशी ते इतके थांबले की शेठनी घड्याळाकडे पाहिलं.

आकडे शेजारी मांडले. किती खड्यांना दोन फेऱ्यांत वेगवेगळा आकडा आला, ते मी इथे लिहिणार नाही. ते वचन अजून चालू आहे; जीवराजभाई हे नावही म्हणूनच खरं नाही. शंकरच्या खड्याला पहिल्या फेरीत दोन आला होता. दुसऱ्या फेरीत तीन.

शेठ म्हणाले, "मग खरा कुठला?"

जीवराजभाईंनी तो खडा चिमट्याने उचलून कागदाच्या मधोमध ठेवला. "शेठ, हा तोच खडा आहे की दुसरा, ते माझ्या डोळ्याला सांगता येत नाही. मग त्या दिवशी मी कसं सांगितलं? शंकरला बोलवा."

शंकर दुपारी आले आणि आपल्या घंटीवर बसले. शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली. मी नंतर त्यांना सांगितलं की आकड्यांनी तुम्ही निर्दोष आहात असं सिद्ध झालेलं नाही, फक्त आरोपाला आधार नव्हता एवढंच झालं. ते म्हणाले, ताई, मला तेवढं पुरे. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर प्रत्येक खडा दोघांनी बघायचा, पहिल्याचा आकडा दुसऱ्याला न सांगता, असं ठरलं. वेळ जास्त लागतो म्हणून शेठ कुरकुरले. जीवराजभाई म्हणाले, लागू दे.

माझ्या नोंदी अर्थातच निकामी झाल्या. ज्याला सगळं माहीत झालं आहे त्याच्या डोळ्याचा अभ्यास करता येत नाही. मार्गदर्शक नाराज झाले, पण त्यांनी सोडलं नाही. पुढच्या हंगामात मी बारडोलीकडच्या उसाच्या फडांत पहिल्यापासून सुरुवात केली. उभा ऊस बघून साखरेचा उतारा सांगणारी माणसं शोधली. प्रबंध दोन वर्षं उशिरा झाला. मला पदवी घेताना बघायला नाना बडोद्याला आले होते, मिलमधून सुट्टी काढून.

पण ती थंडी तिथे संपली नव्हती. भिखाभाईंचा खडा केव्हाच विकला गेला होता. तो पुन्हा बघायची सोय नव्हती, आणि त्यांना पत्र टाकलं तर उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, तरी नाही. फेब्रुवारीच्या शेवटी जीवराजभाई म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

भावनगरवरून दोन बस बदलून आम्ही सकाळी त्या गावात उतरलो. उन्हाला आता धार येऊ लागली होती. भिखाभाई अंगणात खाट विणत बसले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण उठले नाहीत. त्यांच्या आईने पाणी आणलं. जीवराजभाईंनी तांब्या हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"तुझा खडा मी हलका म्हटला. चूक असू शकते, भिखा."

"असू शकते म्हणजे? होती की नव्हती?"

"खडा गेला. आता कळायला मार्ग नाही. पण ज्या खात्रीने मी तुला चोर ठरवलं, तेवढी खात्री कुणाच्याच डोळ्याला नसते. हे मात्र पक्कं."

भिखाभाई दोरी ओढत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ही बेन?"

"मी तिथे होते," मी म्हणाले. "काकांचा डोळा चुकू शकतो हे मला तेव्हाच कळलं होतं. मी वहीत लिहिलं आणि गप्प बसले. पण तेव्हा माझं काम..."

मला ते वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांची आई दारात उभी होती. तिने सांगितलं, आवाज न चढवता, की धाकट्या मुलीचं, भिखाभाईंच्या बहिणीचं, ठरलेलं लग्न या बातमीने मोडलं.

भिखाभाईंनी दोरीची गाठ मारली आणि उठले. "इथे अंगणात बोलून काय उपयोग? मी चोर आहे असं गावाने ऐकलंय. या वेळी चौकात सगळे बसलेले असतात. तिथे चला आणि हेच बोला. 'असू शकते' तेही बोला, गाळू नका. गावाला काय ठरवायचं ते ठरवू दे."

जीवराजभाईंनी टोपी नीट केली. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं, आणि दाखवलेल्या दिशेने पुढे चालू लागले. मी मागोमाग निघाले. चौकापर्यंतच्या वाटेवर मी माझं वाक्य मनात तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्या दोन्ही वेळा त्यात 'पण' आला. तिसऱ्यांदा मी तो काढून टाकला. वडाच्या पारावर पंधरा-वीस माणसं होती. जीवराजभाई सगळं बोलले, अगदी 'असू शकते' सकट. मग माणसांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी पुढे झाले.